कर्जावर फिरणारा पाळणा

करमणुकीचा आपल्याकडे एक जुना, साधा हिशेब होता. देवाची जत्रा भरली की पाळणेवाला यायचा. आकाशपाळणा, मौत का कुआँ, तंबूतला सिनेमा, फोटोवाल्याचे कागदी विमान अशी सगळी मंडळी ट्रकवर बिऱ्हाड लादून गर्दीच्या मागे फिरत. मार्गशीर्षात पुसेगाव, चैत्रात शिखर शिंगणापूर. गर्दी देवाच्या नावाने आधीच जमलेली असे. पाळणेवाल्याने फक्त तिथे जाऊन खांब रोवायचे. जमीन त्याची नव्हे, हप्ता भरायचा तर तो फार तर ट्रकचा. पाऊस आला तर एक जत्रा बुडायची, माणूस बुडायचा नाही.

मनोरंजन उद्यानाने हा हिशेब उलटा केला. पाळणा जागेवर राहिला आणि गर्दीने त्याच्याकडे यावे असे ठरले. अमेरिकेत १९५५ साली डिस्नेलँड उघडले आणि एका कल्पनेभोवती अख्खे गाव रचण्याची रीत जगभर गेली. आपल्याकडे १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड आले. मार्व्याहून बोटीने खाडी ओलांडून जायचे, हाच मुंबईच्या पोरांना पहिला खेळ वाटे. पण डिस्नेच्या धर्तीवरचे भव्य स्वप्न महाराष्ट्रात उतरले ते २०१३ साली, खोपोली-पाली रस्त्यावर सांगडेवाडीला. त्याचे नाव इमॅजिका.

हे स्वप्न पाहणारे मनमोहन शेट्टी सिनेमाच्या धंद्यातले. त्यांनी १९७८ साली ॲडलॅब्ज ही फिल्म धुण्याची प्रयोगशाळा काढली. पुढे वडाळ्याचे घुमटाकार आयमॅक्स चित्रपटगृहही त्यांचेच. 'अर्धसत्य' या १९८३च्या चित्रपटाचे ते एक निर्माते. श्री. दा. पानवलकरांची कथा आणि तेंडुलकरांची पटकथा असलेला तो चित्रपट ज्याने पडद्यावर आणला, त्याच माणसाने तीस वर्षांनी पडदाच बाजूला सारून प्रेक्षकाला आत ओढायचे ठरवले, यात मला एक संगती दिसते.

इमॅजिकातले खेळ नुसते गरगर फिरवणारे नाहीत, हे मान्य केले पाहिजे. 'नायट्रो' या स्विस बनावटीच्या गाडीला पायाखाली तळच नाही. पाय अधांतरी ठेवून माणूस उलटापालटा होतो. 'राजासॉरस'च्या बोटीत जो अजस्र प्राणी अंगावर येतो तो परदेशातून उसना आणलेला नाही. गुजरातेत राहिओलीला सापडलेल्या हाडांवरून शास्त्रज्ञांनी २००३ साली ज्याला हे नाव दिले, तो हा अस्सल देशी डायनॉसोर. 'मिस्टर इंडिया' आहे, अलिबाबाची गुहा आहे, 'सलीमगड'ची भुते आहेत. 'आय फॉर इंडिया'त तर माणूस खुर्चीत बसल्या बसल्या देशावरून विहरत जातो. आयते साचे न आणता इथल्या मुलांच्या मनातले काहीतरी शोधण्याची धडपड त्यात आहे.

आता हिशेबाकडे वळतो. उमेदीची बरीच वर्षे मी बँकेत प्रकल्प-अहवाल वाचण्यात घालवली. अशा अहवालांत एक तक्ता हमखास असतो: पहिल्या वर्षी इतके लोक येतील, दुसऱ्या वर्षी इतके, पाचव्या वर्षी इतके. इमारतीचा खर्च अभियंत्याला मोजता येतो, यंत्राचे बिल समोर असते. येणारी माणसे मात्र कोणी मोजलेली नसतात. शिवाय उद्यानाचा खर्च हट्टी. पाचशे माणसे आली काय आणि पाच हजार आली काय, वीज, देखभाल, रोजची तपासणी आणि कामगारांचे पगार थोड्याफार फरकाने तेच राहतात. आणि व्याज तर रविवारी वाढत नाही की पावसाळ्यात थांबत नाही.

इमॅजिकावर दीड हजार कोटींच्या घरात खर्च झाला आणि कर्ज हजार कोटींच्या वर गेले. २०१५ साली कंपनी भागविक्रीसाठी बाजारात उतरली, तेव्हा किंमतपट्टा खाली आणावा लागला आणि मुदतही वाढवावी लागली. २०१७ साली जीएसटी आला आणि उद्यानाच्या तिकिटावर २८ टक्के कर बसला. तो १८ टक्क्यांवर आला २०१८च्या जानेवारीत. कर्ज थकले. मग २०२० सालच्या टाळेबंदीने फाटकाला कुलूपच लावले. २०२२ साली कर्जाची तडजोड झाली, बँकांनी येण्यापैकी मोठा भाग सोडला आणि उद्यान संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेले. गाय छाप जर्द्याच्या पुडीने जत्रेतल्या प्रत्येक माणसाच्या खिशापर्यंत पोचलेले हे घराणे. शिर्डीला भाविकांच्या वाटेवर त्यांनी आधीच जलउद्यान आणि साईतीर्थ उभारले होते. गर्दी जिथे आधीपासून आहे तिथे खांब रोवायचे, हे पाळणेवाल्याचे शहाणपण मुंबईच्या स्वप्नापेक्षा संगमनेरला जास्त ठाऊक असावे.

बँकांनी कर्ज सोडले याबद्दल गळा काढणाऱ्यांतला मी नाही. धंदा म्हटला की काही खाती बुडायचीच, आणि उद्यान गंजून जाण्यापेक्षा चालते राहिले हे बरेच झाले. त्यावर शेकडो कुटुंबांची चूल पेटते. पण त्या कर्जात सार्वजनिक बँकांचा पैसा होता. म्हणजे ज्याने आयुष्यात कधी नायट्रो पाहिली नाही अशा ठेवीदाराचाही होता. पाळणा जत्रेत होता तेव्हा खिशात चार नाणी असलेला पोरगा त्यात बसे. उद्यानात चौघांच्या कुटुंबाचा दिवस काही हजारांत जातो. करमणूक सुधारली, सुरक्षित झाली. पण बसणाऱ्यांच्या रांगेतून एक मोठा वर्ग मुकाट्याने बाहेर पडला. तोट्यात ज्यांचा वाटा आहे, आनंदात त्यांचा नाही.

शाळा चालू असतानाच्या एका आडवारी मी तिथे गेलो होतो. नायट्रोच्या निम्म्याहून जास्त जागा रिकाम्या. तरीही गाडी तेवढ्याच आवाजात वर चढत होती, तेवढीच वीज खात होती. खालापूर तालुक्यातल्या कातकरी आणि ठाकर वाड्या तिथून फार लांब नाहीत. एखाद्या जिल्हा परिषदेच्या शाळेची चाळीस मुले त्या जागांवर बसली असती तर उद्यानाचा खर्च किती वाढला असता? माझ्या हिशेबाने जवळजवळ काहीच नाही. इथे मी दानधर्म मागत नाही. रिकाम्या फिरणाऱ्या जागेची किंमत शून्य असते, एवढेच माझे म्हणणे.

यापुढे कुठल्याही मोठ्या उद्यानाला करात सूट, जमीन किंवा कर्जात माफी देताना सरकारने आणि बँकांनी एक अट कागदावर घालावी: वर्षातले ठरावीक आडवार परिसरातल्या सरकारी शाळांसाठी, नाममात्र दरात. कर्जाच्या करारात आम्ही याहून कितीतरी किचकट अटी घालत होतो आणि त्या पाळूनही घेत होतो. ज्यांच्या पैशावर पाळणा फिरतो, त्यांच्या पोरांना एक फेरी तरी मिळालीच पाहिजे.