आधी पाण्याची वाट, मग रोपाचा खड्डा



या पत्रिकेत एरवी मी लागणीचा हंगाम, बेणेबदल, खोडव्यातील पाचट, हुमणीचा बंदोबस्त अशा विषयांवर लिहितो. या अंकात मात्र मुंबईच्या खाडीविषयी लिहिणार आहे. "साहेब, आमच्या उसाचं बघा, मुंबईच्या चिखलाशी आपल्याला काय करायचंय?" असे कोणी विचारले तर त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. परंतु बिघडलेली जमीन, बिघडलेला ओढा किंवा खाडीकाठ पुन्हा मूळ वळणावर आणून देणे हे काम आता सल्लागार कंपन्या करू लागल्या आहेत. त्यांचे नकाशे आणि अहवाल आज ना उद्या आपल्याही कारखान्याच्या टेबलावर येणार. तेव्हा यातले खरे काम कोणते आणि कागदावरचे कोणते, हे सभासदाला ओळखता आले पाहिजे, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.

आपल्या भागातील पुष्कळ घरांतील मुले नोकरीधंद्यानिमित्त मुलुंड, भांडुप, घाटकोपरला आहेत. त्यांच्याकडे जाऊन आलेल्या मंडळींनी मुलुंडहून ऐरोलीकडे जाताना पुलावरून ठाण्याची खाडी पाहिली असेल. काठाने गर्द हिरवी झाडी आणि पुढे मोकळा चिखल. हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत त्या चिखलात हजारो रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, चरत असतात. शासनाने ऑगस्ट २०१५ मध्ये या खाडीचा १६९० हेक्टर भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर केला. त्यात ८९६ हेक्टर झाडी आणि ७९४ हेक्टर पाण्याचा भाग आहे. २०२२ साली रामसर या आंतरराष्ट्रीय पाणथळ यादीतही या खाडीचे नाव गेले.

काठाची ही झाडी बहुतांशी तिवराची आहे. सरकारी भाषेत तिला कांदळवन म्हणतात. हे झाड खाऱ्या पाण्यात उभे राहते आणि अंगात आलेले जादा मीठ पानांवाटे बाहेर टाकते. त्याची मुळे चिखलातून खिळ्यांसारखी वर येतात आणि ओहोटीच्या वेळी हवा घेतात. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचे तर तिवरालाही वाफसा लागतो! दिवसातून दोन वेळा भरतीचे पाणी आले पाहिजे आणि दोन वेळा ते उतरलेही पाहिजे. येणे थांबले तरी झाड जाते, उतरणे थांबले तरी जाते.

ज्यांना खाडीकाठची जागा हवी होती त्यांना ही गोष्ट फार लवकर समजली. तिवर मारायला कुऱ्हाडच लागते असे नाही. भरतीचे पाणी येते त्या तोंडावर मुरूम-डबर टाकून बांध घातला की आतले रान हळूहळू उभ्या उभ्या वाळते. मग "ही तर पडीक जागा" असे म्हणायला वाट मोकळी. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये राज्यभर तिवरतोडीला आणि तिवरांपासून ५० मीटरच्या आत भराव व बांधकाम करण्याला मनाई केली, ती अशा प्रकारांमुळेच. २०१२ साली वनखात्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष निघाला. २०१८ च्या निकालात न्यायालयाने तिवरांच्या नाशाचा संबंध थेट नागरिकांच्या जगण्याच्या हक्काशी जोडला.

आता मूळ मुद्द्यावर येतो. असे मेलेले रान परत उभे करायचे आहे. काय कराल? दहातील नऊ जण म्हणतील, रोपे आणा, खड्डे घ्या, लावा. फोटो चांगला येतो, आकडा मोठा दिसतो. पण ज्या बांधाने पाणी अडले तो बांध तसाच ठेवून रोपे लावली, तर ती रोपे कशावर जगणार?

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात रॉबिन लुईस नावाचे शास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांची स्वतःची पर्यावरण सल्लागार कंपनी होती. त्यांची पद्धत वेगळी होती. आधी शेजारच्या चांगल्या रानात जाऊन जमिनीची पातळी मोजायची. कोणते झाड किती उंचीवर उभे आहे, त्याला रोज किती वेळ पाणी लागते याची नोंद घ्यायची. मग बिघडलेल्या जागेवरचा भराव त्या पातळीपर्यंत काढायचा, पाण्याला चर काढून द्यायचे आणि थांबायचे. भरतीबरोबर बी आपोआप येते. वेस्ट लेक नावाच्या ठिकाणी सुमारे ५०० हेक्टरवर असे काम झाले. तिथे तिवरवर्गातील एकही रोप हाताने लावावे लागले नाही.

याच्या उलट उदाहरण फिलिपाईन्स देशाचे. तिथे अनेक वर्षे फार मोठ्या प्रमाणावर लागवडी झाल्या. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की त्यातील दीर्घकाळ जगलेल्या रोपांचे प्रमाण साधारण १० ते २० टक्केच होते. कारण काय, तर चुकीच्या जातीची रोपे चुकीच्या उंचीवर, कायम पाण्याखाली राहणाऱ्या चिखलात लावली होती. योग्य जागा कोणाच्या तरी मत्स्यतळ्यांनी व्यापलेल्या होत्या, मग रिकामा चिखल दिसला तिथे लावून मोकळे झाले.

रिकामा चिखल म्हणजेही पडीक नव्हे, हे इथे सांगितले पाहिजे. मुलुंड-भांडुपच्या बाजूला त्याच मोकळ्या चिखलात रोहित पक्षी चरतो. तिथे झाडी वाढवली तर झाडांचा आकडा वाढेल, पण पक्ष्याचे कुरण जाईल. आपल्याकडे गवताळ माळावर सरसकट गिरिपुष्प लावून "वनीकरण झाले" म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. मेंढराचे चारण गेले, माळढोकाचा आसरा गेला आणि नाव मात्र निसर्गाचे.

काही ठिकाणी रोपाचा प्रश्न पहिला नसतोच. बोरिवलीजवळ गोराईच्या खाडीकाठी सुमारे २० हेक्टर जागेत मुंबई महानगरपालिका १९७२ पासून कचरा टाकत होती. २००७ अखेर तिथे कचरा टाकणे बंद झाले, तेव्हा साठलेला ढीग २३ लाख टनांवर गेला होता. पालिकेने सल्लागारांकडून आराखडा करून घेतला. ढिगाला उतार दिला, वरून पाणी न झिरपणारा थर घातला, आतला वायू काढायला नळ्या उतरवल्या आणि सर्वांत शेवटी गवत लावले. यातले गवत लोकांना दिसते. खरे काम मात्र त्याच्या खाली आहे, ते म्हणजे कचऱ्यातून झिरपून खाडीत उतरणारे काळे पाणी रोखणे. अर्थात हेही खरे की बोरिवलीच्या लोकांचा कचरा त्यामुळे संपला नाही, तो दुसऱ्या जागी जाऊ लागला. एक जागा सुधारताना भार कोणाच्या अंगावर गेला, हे विचारायचे राहून जाता कामा नये.

आता आपल्या बांधावर येऊ. आपल्या कार्यक्षेत्रातील नदीकाठच्या गावांत क्षारपड आणि चोपण झालेल्या जमिनी आहेत. ज्या रानाने एकेकाळी एकरी चांगले टनेज दिले, त्यात आता लव्हाळा नि पांढरी खपली. काय झाले? पाणी वारेमाप दिले आणि निचऱ्याची वाट बुजवली. ओढ्यात बांध सरकवले, नाले नांगरून रानात घेतले. खाडीत भरावाने पाणी अडले, आपल्याकडे आपणच अडवले. अशा रानात कितीही उत्तम बेणे आणा, शेणखत घाला, जिप्सम टाका, निचरा झाल्याशिवाय मीठ खाली उतरत नाही. जिप्समने चोपण माती मोकळी होते, पण सुटलेला क्षार वाहून नेणारे पाणी आणि त्या पाण्याला बाहेर जायची वाट नसेल तर पैसे मातीत जातात. म्हणून आधी उघडे चर किंवा जमिनीखाली सच्छिद्र पाईप आणि त्याचे तोंड ओढ्यात. लागण त्यानंतर.

यात आणखी एक अडचण आहे. माझ्या रानातले पाणी बाहेर काढायचे तर ते शेजाऱ्याच्या रानातून न्यावे लागते. एकट्या दुकट्याचे हे कामच नव्हे. शिरोळ तालुक्यात दत्त कारखान्याच्या पुढाकाराने क्षारपड जमिनीच्या सुधारणेचे काम उभे राहिले, ते गावेच्या गावे एकत्र आली म्हणून. सहकाराचा उपयोग अशाच ठिकाणी आहे.

मग सल्लागार कंपनी हवी की नको? माझे स्पष्ट मत आहे की हवी. रानाची पातळी बारकाईने मोजणे, मातीचे व पाण्याचे नमुने तपासणे, पाईपची खोली आणि अंतर ठरवणे ही अंदाजाने करायची कामे नव्हेत. "आम्हाला आमचं रान कळतं" हे बरोबर आहे, पण तीन फुटांखाली पाणी कुठे तुंबले आहे ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. चांगला सल्लागार ते दाखवून देतो.

तथापि एक गोष्ट विसरू नये. सल्लागाराचे बिल बहुधा तोच देतो, ज्याला प्रकल्प करायचा असतो. रस्ता, कारखाना, गृहसंकुल, काहीही असो. पैसे देणाऱ्याला घाई असते आणि त्याला 'पूर्ण झाले' हा शब्द हवा असतो. म्हणून अहवालात "इतकी हजार रोपे लावली" हे वाक्य ठळक येते आणि "इतकी जगली" हे वाक्य येतच नाही. सभासद बंधूंनो, आपण उसाच्या लागणीत असा हिशेब कधी मान्य केला आहे का? उगवण किती झाली ते पाहतो, नांग्या भरतो, आणि शेवटी काट्यावर वजन येईल तेच खरे धरतो. मग झाडांचा हिशेब खड्ड्यांवर का थांबावा?

दुसरे असे की एका जागचे जुने रान तोडून दूर कुठेतरी रोपे लावण्याची जी 'भरपाई' सांगतात, ती तपासून घ्यावी. तुमची काळी जमीन घेऊन त्याबदली दुसऱ्या तालुक्यातील मुरमाड रान तेवढेच एकर दिले, तर तुम्ही भरपाई झाली म्हणाल काय? सार्वजनिक कामे होऊच नयेत असे मी म्हणत नाही. पण खाडीची राखण खाडीतच होते. विक्रोळीला गोदरेज कंपनीने आपल्या ताब्यातील तिवरांचे रान राखले, १९८५ साली त्यासाठी स्वतंत्र केंद्र काढले. जे मुळात बिघडू दिले नाही त्याच्या दुरुस्तीचा खर्चही येत नाही.

हा प्रश्न आपल्या दारात कसा येतो तेही सांगतो. २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे दररोज ५००० टन किंवा अधिक गाळपाच्या साखर कारखान्याला पर्यावरण मंजुरी लागते. विस्तारवाढ करताना सल्लागाराकडून परिणामांचा अहवाल करून घ्यावा लागतो. जनसुनावणी असेल तर ३० दिवस आधी जाहीर सूचना निघते आणि अहवालाचा सारांश मराठीतही ठेवावा लागतो. किती जण तो वाचतात? सुनावणीला माणसे येतात, चहा घेतात, हात वर करतात. त्या अहवालात आपल्याच ओढ्याचे, विहिरींच्या पाण्याचे आणि हरितपट्ट्याचे लिहिलेले असते. कारखाना आपला आहे म्हणून प्रश्न विचारू नये, असे काही नाही. आपला आहे म्हणूनच विचारावेत.

या दृष्टीने माझ्या चार सूचना आहेत. संचालक मंडळाने आणि वार्षिक सभेने त्यांचा विचार करावा.

१. क्षारपड सुधारणा असो वा ओढ्याकाठची वृक्षलागवड, प्रथम त्या पाणलोटाचा नकाशा व्हावा. पाणी कुठून येते, कुठे अडते, कोणत्या जुन्या नाल्या बुजल्या आहेत, हे गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारून त्यात भरावे.

२. सल्लागाराशी करार करताना बिलाचा शेवटचा मोठा हप्ता तिसऱ्या पावसाळ्यानंतर द्यावा, आणि तो जगलेल्या रोपांवर किंवा मातीच्या तपासणीत उतरलेल्या क्षारावर द्यावा. लावलेल्या रोपांवर देऊ नये.

३. प्रत्येक अहवालाची मराठी प्रत गट कार्यालयात ठेवावी. सभासदाने मागितली तर चिटबॉयने "साहेबांना विचारा" म्हणू नये.

४. ओढे आणि नाल्या यांवरील अतिक्रमण काढण्याची सुरुवात पदाधिकारी व मोठ्या बागायतदारांच्या रानापासून व्हावी. लहान शेतकरी मग मागे राहणार नाही.

चौथी सूचना काही जणांना रुचणार नाही, याची मला कल्पना आहे. पण २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि मिठी नदीच्या आकसलेल्या पात्राकाठची वस्ती पाण्याखाली गेली. पाणी आपली वाट विसरत नाही, माणूस विसरतो. मुंबईत तो पूर म्हणून आला, आपल्याकडे तो पांढऱ्या खपलीच्या रूपाने दरवर्षी थोडा थोडा येतो, एवढाच फरक.

येत्या गाळप हंगामापूर्वी गटवार बैठका होतील. ज्यांच्या रानात पाणी तुंबते त्यांनी गट नंबर आणि शेजारच्या ओढ्याचे नाव लिहून आणावे. रोपांची मागणी त्यानंतर नोंदवू.

आपला,
ऊस विकास अधिकारी