पत्रे काढून स्लॅब टाकताय? आधी कागद बघा

21 मार्च 2024 आणि 10 जुलै 2024. या दोन्ही दिवशी सकाळी आपला हिंगोली जिल्हा 4.5 तीव्रतेच्या भूकंपाने हादरला. केंद्र शेजारच्या कळमनुरी तालुक्यात होते. मार्चमधल्या धक्क्यानंतर प्रशासनाने सांगितले होते, पत्रे उडू नयेत म्हणून वर ठेवलेले दगड उतरवा. दगड उतरवले तर वावटळीत पत्रे जातात, ठेवले तर खाली लेकरं झोपतात. म्हणून शिरड शहापूरमध्ये ज्याच्या हातात चार पैसे आले, तो स्लॅबचाच विचार करतो. त्यात गैर काही नाही.

पण पत्र्याच्या जागी पत्रा आणि पत्र्याच्या जागी स्लॅब, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुंबई महानगरपालिकेच्या 1888 च्या कायद्यात, कलम 342 मध्ये हा फरक स्वच्छ लिहिलाय: त्याच साहित्याचे छत बदलणे ही दुरुस्ती, छत सपाट करणे किंवा वेगळे साहित्य वापरणे दुरुस्तीत बसत नाही. तो कायदा आपल्याकडे लागू नाही, पण तर्क तोच. आपल्याकडे 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम 52 आहे. घर बांधायचे किंवा नव्याने उभारायचे तर पंचायतीची परवानगी आधी.

डिसेंबर 2020 च्या एकत्रीकृत बांधकाम नियमावलीनंतर तत्कालीन ग्रामविकास मंत्री हसन मुश्रीफ यांनी गावांसाठी सवलत जाहीर केली. भूखंड साधारण 1600 चौरस फुटांपर्यंत असेल तर मालकीचे कागद, नकाशा, परवानाधारक अभियंत्याचा दाखला आणि शुल्काची पावती पुरे. 3200 फुटांपर्यंत ग्रामपंचायतीने दहा दिवसांत परवानगी द्यायची. ऐकायला सोपे आहे. अडते ते "मालकीचे कागद" या दोन शब्दांवर.

आपल्या मोहल्ल्यातली किती घरे अजून दादामियांच्याच नावावर आहेत! लोक नमुना आठचा उतारा घेऊन येतात. तो करआकारणीचा कागद, मालकीचा पुरावा नव्हे. वारसनोंद करायला गेलो की बहिणींचा विषय निघतो. शरीअतने मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा दिलाय, आणि तो हक्क आहे, ईदची भेट नाही. तिचे नाव गाळून अर्ज केला आणि उद्या तिने किंवा तिच्या मुलांनी हरकत घेतली, तर काम अर्ध्यात थांबणार. तिला विचारून, लिहून घेऊन मग वाळू टाकावी.

अभियंत्याचा दाखला अनेकांना फुकटचा खर्च वाटतो. दहा बाय बाराच्या खोलीवर पाच इंची स्लॅब म्हणजे जवळपास साडेतीन टन वजन. माती-दगडाच्या जुन्या भिंतींवर ते ठेवायचे? 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीत जड माळवदांखाली काय झाले, ते मराठवाड्याला कोणी शिकवायला नको. मिस्त्री म्हणतो "काही होत नाही भाई". त्याचे काही होत नाही, हे खरेच.

आणखी एक. सर्वोच्च न्यायालयाने 13 नोव्हेंबर 2024 ला पाडकामाआधी किमान 15 दिवसांची नोटीस बंधनकारक केली. मात्र रस्ता किंवा सार्वजनिक जागेवरच्या अतिक्रमणाला हे संरक्षण नाही. नोटीस आलीच तर त्या 15 दिवसांत दाखवायला परवानगीचा शिक्क्याचा कागद लागतो. सरपंचांनी तोंडी दिलेला "हो" तिथे चालत नाही.

पावसाळ्याआधी छत उतरवायचे असेल तर वारसनोंदीचा अर्ज आत्ताच द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका.