परीक्षेचा न्याय

३ मार्च २०२३ रोजीं बारावीच्या गणिताच्या प्रश्नपत्रिकेचीं कांहीं पानें, परीक्षा सुरू होण्यापूर्वींच, बुलढाणा जिल्ह्यांतील सिंदखेडराजा येथें मोबाईलवरून फिरलीं. पुढें अटक झालेल्यांत शिक्षकही होते. मातुश्री जिजाबाईंच्या जन्मभूमींत हें घडावें, याचा आम्हांस खेद वाटतो.

कित्येक सुज्ञ म्हणतात, अशी परीक्षाच नको. तीन तासांत मुलाची योग्यता कशी कळणार? आक्षेप अगदींच खोटा नाहीं. परंतु परीक्षा काढून टाकल्यास निवड व्हावयाची कशानें? ओळखीनें कीं पैशानें? लोणारच्या शेतकऱ्याच्या मुलीपुढें व पुण्याच्या डॉक्टरांच्या मुलापुढें एकच प्रश्नपत्रिका येते, एवढीच समता तिच्या वांट्यास आहे. म्हणून पेपर फोडणें ही नुसती लबाडी नव्हे. ती गरिबाच्या घरची चोरी होय.

मात्र या चोरीच्या मालास गिऱ्हाईक कोण पुरवितें? मुलगा परतल्याबरोबर “किती गुण पडतील?” एवढेंच जेथें विचारिलें जातें, तीं घरें, आणि आमचेंही त्यांतच आलें. वडील मंडळींनीं “काय समजलें?” असें विचारण्यास आरंभ केला, तर फुटलेल्या पेपरास फारसें गिऱ्हाईक उरणार नाहीं, असें आम्हांस वाटतें.