सहा सामने, अठरा दिवस: ऑलिम्पिक पात्रतेच्या फुटबॉलमधून पालकांनी काय घ्यावे?

कतारमधली २३ वर्षांखालील आशिया चषक फुटबॉल स्पर्धा ३ मे २०२४ रोजी संपली. दोहा येथील अंतिम सामन्यात जपानने उझबेकिस्तानला १-० असे हरवले, तेही भरपाई वेळेतल्या गोलवर. ही स्पर्धा म्हणजेच पॅरिस ऑलिम्पिकच्या पुरुष फुटबॉलसाठी आशियाची पात्रता फेरी होती. जपान, उझबेकिस्तान आणि इराक हे पहिले तीन संघ थेट पात्र ठरले. चौथ्या आलेल्या इंडोनेशियाला ९ मे रोजी पॅरिसजवळ गिनीविरुद्ध आणखी एक सामना खेळावा लागला. तो ०-१ असा गमावल्याने १९५६ नंतर पहिल्यांदा ऑलिम्पिक गाठण्याची त्यांची संधी हुकली.

भारत या १६ संघांत नव्हता. मग आरोग्याच्या संकेतस्थळावर या स्पर्धेची चर्चा कशासाठी? तुमच्या घरात फुटबॉल खेळणारा मुलगा किंवा मुलगी असेल, तर या स्पर्धेचे वेळापत्रक तुमच्या कामाचे आहे. तरुण शरीरावर किती ताण टाकावा आणि दोन सामन्यांच्या मध्ये किती विश्रांती द्यावी, हा प्रश्न दोह्यात जसा होता, तसाच तो कोल्हापूरच्या, पुण्याच्या किंवा मडगावच्या मैदानावरही असतो.

वेळापत्रक काय सांगते?

जपानने १६, १९, २२, २५ आणि २९ एप्रिल आणि मग ३ मे, असे अठरा दिवसांत सहा सामने खेळले. चीनविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात १७व्या मिनिटाला त्यांच्या एका खेळाडूला लाल कार्ड मिळाले. उरलेला सामना दहा जणांनी खेळून त्यांनी जिंकला. यजमान कतारविरुद्धचा उपांत्यपूर्व सामना जादा वेळेपर्यंत, म्हणजे १२० मिनिटे चालला.

इंडोनेशियाचा भार याहून जास्त होता. १५ एप्रिल ते ९ मे या पंचवीस दिवसांत सात सामने, त्यातले दोन १२० मिनिटांचे आणि मध्ये दोहा ते पॅरिस हा विमानप्रवास. दक्षिण कोरियाविरुद्धचा उपांत्यपूर्व सामना २-२ बरोबरीनंतर पेनल्टी शूटआऊटमध्ये ११-१० असा सुटला. कोरियाचा एक खेळाडू ७०व्या मिनिटाला बाहेर गेला होता. म्हणजे उरलेली वीस मिनिटे आणि जादा वेळ त्यांनी दहा जणांनी काढली. त्या पराभवाने कोरियाची १९८८ पासून सलग नऊ ऑलिम्पिक खेळण्याची परंपरा खंडित झाली.

मग हे सगळे निकाल थकव्यामुळे लागले का? तसे म्हणणे घाईचे होईल. जपान आणि इंडोनेशिया दोघेही एकाच दिवशी, २५ एप्रिलला, १२० मिनिटे खेळले. दोघांचाही उपांत्य सामना २९ एप्रिलला होता. जपानने तो इराकविरुद्ध २-० असा जिंकला आणि इंडोनेशियाने उझबेकिस्तानविरुद्ध ०-२ असा गमावला. थकवा सारखाच असला तरी त्याला तोंड द्यायची तयारी सारखी नसते. जपानच्या प्रशिक्षकांनी गटातल्या सामन्यांत संघात भरपूर बदल केले. कोरियाविरुद्धचा गटातला शेवटचा सामना खेळायच्या आधीच ते पुढच्या फेरीत पोहोचले होते. तो सामना ते ०-१ असा हरले, पण मुख्य खेळाडूंचे पाय ताजे राहिले. मुलांच्या संघांत नेमका हाच निर्णय सर्वात कमी वेळा घेतला जातो.

सामन्यानंतर शरीरात काय घडते?

नव्वद मिनिटांच्या सामन्यात चांगला खेळाडू साधारण दहा किलोमीटर धावतो. त्यात वेगाने पळणे, अचानक थांबणे, वळणे आणि उडी मारणे आलेच. यानंतर तीन गोष्टी भरून निघायला हव्यात.

पहिली, स्नायूंमधली साखर. स्नायू ग्लायकोजेन नावाच्या रूपात ऊर्जा साठवतात. भात, पोळी, भाकरी, केळी, बटाटा असे पिष्टमय अन्न पुरेसे घेतले तरी हा साठा पूर्ववत व्हायला एक ते तीन दिवस लागू शकतात.

दुसरी, स्नायूंच्या तंतूंना झालेली सूक्ष्म इजा. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या भरून येतात त्या यामुळेच. ही इजा भरून येऊन पूर्ण ताकद परत यायला ७२ तासांपर्यंत, कधी त्याहून जास्त वेळ लागतो.

तिसरी, मेंदूचा आणि मज्जासंस्थेचा थकवा. चेंडू कुठे येईल याचा अंदाज आणि पाय योग्य क्षणी टाकणे यात क्षणभराचा उशीर झाला, तरी घोटा मुरगळतो किंवा गुडघा वळतो.

दुखापतींचा अनुभवही हेच सांगतो. युरोपातल्या एका अव्वल क्लबच्या खेळाडूंवरचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. आठवड्याला एकऐवजी दोन सामने खेळताना दुखापतींचे प्रमाण सुमारे सहापट झाले होते. त्याच अभ्यासात खेळाडूंचे धावण्याचे अंतर आणि वेग मात्र कमी झालेले दिसले नाहीत. पालकांनी हे नीट ध्यानात घ्यावे. मूल मैदानावर नेहमीसारखे पळते आहे, एवढ्यावरून ते ताजेतवाने आहे असे ठरत नाही.

आपल्याकडची अडचण मोठी का आहे?

दोह्यातल्या संघांना दोन सामन्यांच्या मध्ये किमान दोन पूर्ण दिवस मिळत होते. राखीव खेळाडू होते, सामन्यात पाच बदल करता येत होते, सोबत डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट होते. आणि हे खेळाडू होते १९ ते २३ वर्षांचे, म्हणजे बहुतेकांची हाडे पूर्ण वाढलेली.

आता आपल्याकडच्या उन्हाळी सुट्टीतल्या स्पर्धा आठवा. मैदान दोन-तीन दिवसांसाठीच मिळालेले असते, म्हणून १३-१४ वर्षांची मुले सलग दिवस, काही ठिकाणी एकाच दिवशी दोन सामने खेळतात. संघात राखीव मुले मोजकीच. चांगला खेळणारा मुलगा शाळेकडूनही खेळतो, अकादमीकडूनही आणि गल्लीतल्या संघाकडूनही. प्रत्येक प्रशिक्षकाला फक्त आपलाच सामना दिसतो. एकूण बेरीज फक्त तुम्हीच करू शकता.

वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी मऊ कूर्चेचा थर असतो. तिथूनच हाड वाढते. त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात. स्नायू जिथे हाडाला ओढतात तिथला असा भाग सततच्या ताणाने दुखू लागतो. साधारण ८ ते १४ वयात टाचेमागे दुखणे आणि १० ते १५ वयात गुडघ्याच्या वाटीखालच्या उंचवट्याशी दुखणे यांचे हे नेहमीचे कारण आहे. बहुतेक वेळा ताण कमी करणे, बर्फाने शेकणे आणि योग्य व्यायाम एवढ्याने हे बरे होते. पण दुखत असताना पट्टी बांधून खेळवत राहिले, तर आठवड्यांचे दुखणे महिन्यांवर जाते.

वयाचा प्रश्न: कागदावरचे वय आणि हाडाचे वय

या स्पर्धेत १ जानेवारी २००१ किंवा त्यानंतर जन्मलेले खेळाडूच चालत होते. वयोगटाच्या स्पर्धा आल्या की वय लपवण्याचा मोह येतो, आणि आपल्याकडेही ही तक्रार जुनी आहे. फिफाने २००९ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकापासून मनगटाची एमआरआय तपासणी सुरू केली. मनगटाजवळची ग्रोथ प्लेट पूर्ण जुळलेली दिसली, तर खेळाडू १७ वर्षांखालचा असण्याची शक्यता फार कमी असते. पण ही पद्धत २३ वर्षांखालील गटात उपयोगाची नाही, कारण तोवर सगळ्यांचीच हाडे जुळलेली असतात. तिथे भरवसा कागदपत्रांवरच.

पालकांसाठी यात दोन मुद्दे आहेत. एक म्हणजे हाडाचे वय आणि जन्मतारखेचे वय तंतोतंत जुळत नाही. कुणी लवकर वयात येतो, कुणी उशिरा, आणि दोन्ही निरोगी असू शकतात. हाडाचे वय दीड वर्ष पुढे आले म्हणून मुलाने खोटे सांगितले असे होत नाही. आणि उंची कमी आहे म्हणून वगळलेला १३ वर्षांचा मुलगा १६व्या वर्षी सगळ्यांच्या पुढे असू शकतो.

दुसरा मुद्दा खोट्या दाखल्याचा. वय कमी दाखवले की फसवणूक होतेच, शिवाय समोरच्या लहान मुलाच्या हाडांना धोका पोहोचतो. पूर्ण वाढलेल्या शरीराची धडक वाढत्या शरीराला बसते. असा सल्ला कुणी दिला तर नाही म्हणा.

तुम्ही घरी काय करू शकता?

* बेरीज ठेवा. सगळ्या संघांचे सामने आणि सराव एका वहीत लिहा. मुलाचे वय जितके, तितक्या तासांपेक्षा जास्त संघटित खेळ एका आठवड्यात नको, हा सोपा अंदाज आहे. १२ वर्षांच्या मुलासाठी १२ तास.
* सुट्टी ठरवून द्या. आठवड्यातून किमान एक दिवस पूर्ण विश्रांती. वर्षातून सगळे मिळून दोन-तीन महिने या खेळापासून लांब, दुसरे काहीतरी खेळण्यात.
* झोप. १३ ते १८ वयात रोज ८ ते १० तास. सामन्याच्या आदल्या रात्री उशिरापर्यंत मोबाईल नको.
* वॉर्म-अप. फिफा ११ प्लस हा वीस मिनिटांचा व्यायामक्रम १४ वर्षांवरील खेळाडूंसाठी आहे. आठवड्यातून दोनदा नियमित केल्यास दुखापती साधारण एक तृतीयांशाने किंवा त्याहून जास्त घटतात. लहानांसाठी वेगळा क्रम आहे. प्रशिक्षकांना त्याबद्दल विचारा.
* ऊन. एप्रिल-मेमध्ये सामने सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर घ्यायला सांगा. पाणी आणि मीठ-साखरेचे लिंबू सरबत किंवा ओआरएस सोबत ठेवा.
* वेदनाशामक गोळी देऊन खेळवू नका. गोळीने दुखणे झाकले जाते, इजा तशीच राहते. घामाने शरीरातले पाणी कमी झालेले असताना आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मूत्रपिंडालाही त्रास देऊ शकतात.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

पुढीलपैकी काही दिसल्यास पुढचा सामना विसरा आणि तपासणी करून घ्या:

* लंगडणे, सांध्याला सूज, किंवा रात्री झोपेतून उठवणारे दुखणे.
* १० ते १६ वयात गुडघा दुखतो पण गुडघ्यात काही सापडत नाही. अशा वेळी कंबरेच्या खुब्याची तपासणी जरूर करावी. खुब्याच्या हाडाचे टोक घसरले तरी दुखणे गुडघ्यात जाणवू शकते, आणि तिथे उशीर महागात पडतो.
* गुडघा वळताना 'कट्' असा आवाज आणि काही तासांत सूज. यात लिगामेंट तुटलेले असू शकते.
* डोक्याला मार लागून गोंधळल्यासारखे होणे, उलटी, डोकेदुखी. त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरायचे नाही, मूल कितीही ठीक आहे म्हणाले तरी. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी किंवा गुंगी असेल तर लगेच रुग्णालय गाठा.
* खेळताना चक्कर येऊन पडणे, छातीत दुखणे, किंवा घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असणे. हृदयाची तपासणी झाल्याशिवाय खेळू देऊ नका.
* उन्हात खेळताना असंबद्ध बोलणे किंवा शुद्ध हरपणे. हा उष्माघात असू शकतो. सावलीत घ्या, अंगावर गार पाणी ओता, वारा घाला आणि त्याच वेळी १०८ ला फोन करा.

पुढे काय?

पॅरिसमध्येही हे वेळापत्रक सैल नव्हते. पुरुषांची ऑलिम्पिक फुटबॉल स्पर्धा २०२४ मध्ये २४ जुलैला सुरू होऊन ९ ऑगस्टला संपली. अंतिम फेरी गाठणाऱ्या संघाला सतरा दिवसांत सहा सामने, आणि मुख्य संघात फक्त १८ खेळाडू. त्यांच्यामागे वैद्यकीय पथके होती. तुमच्या मुलामागे तुम्ही आहात.

म्हणून पुढच्या स्पर्धेचा अर्ज भरण्याआधी आयोजकांना तीन प्रश्न विचारा: एका दिवशी किती सामने आहेत? दोन सामन्यांत किती अंतर आहे? मैदानावर प्रथमोपचार कोण करणार आहे? उत्तर समाधानकारक नसेल, तर चार पालकांनी मिळून पुन्हा विचारा. सामन्यांमध्ये एक दिवस वाढवणे किंवा सामन्याची वेळ कमी करणे आयोजकांना जमते, फक्त ते कुणीतरी मागावे लागते. आणि मूल स्वतःहून "आज नको, पाय दुखतोय" म्हणाले, तर त्याला रागावू नका. शरीराचे ऐकायला ते शिकले आहे, आणि ही सवय त्याला पुढेही उपयोगी पडेल.

ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. तुमच्या मुलाच्या तक्रारीसाठी तुमच्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.