लेकीच्या लग्नाची साखर



गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या गट ऑफिसात दोन तऱ्हेचे अर्ज हमखास येतात. एक, घरी कार्य आहे तरी ऊस लवकर तोडावा; दुसरा, लग्नासाठी सवलतीची साखर मिळावी. दोन्हींना लग्नपत्रिका जोडलेली असते. इतकी वर्षे हे अर्ज घेतल्यावर आता पत्रिका न उघडताच मला कळतं, लग्न मुलाचं की मुलीचं. मुलाचा बाप खुर्चीवर टेकतो, चहा घेतो, सोयऱ्यांचं गाव सांगतो. मुलीचा बाप उभाच असतो. "साहेब, तोड कधी?" एवढंच विचारतो. तारीख सांगितली की बोटांवर काहीतरी मोजतो आणि जातो.

ही पैशाची काळजी, असं मी समजत होतो. ती असतेच. पण तेवढीच नसते, हे मला यंदा उमगलं. माझी मुलगी पावसाळ्यात पुण्याला शिकायला गेली. लग्न नाही, पाठवणी नाही, नुसतं वसतिगृह. तिला एस.टी.त बसवली, नको नको म्हणत असताना खिडकीतून चार नोटा दिल्या आणि घरी येऊन तिची सायकल पुसत बसलो. मंडळी म्हणाल्या, "आता ती चालवणार कोण?" मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी गरज नसताना तीन गावांच्या लागणी बघून आलो.

आपल्याकडं बापाचं रडणं हे असं कामातून बाहेर पडतं. माझ्या थोरल्या बहिणीची पाठवणी झाली त्या रात्री आमचे वडील बॅटरी घेऊन "पाणी धरून येतो" म्हणून मळ्यात गेले. रात्रीची लाईट होती खरी, पण विहिरीवर पाळी शेजाऱ्याची होती. ते त्यानंच सकाळी सांगितलं. वडील रात्रभर बांधावर बसून होते. आई रडली तर तिच्याभोवती चार बायका जमल्या, पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. वडिलांपुढं आचारी, मांडववाला आणि वाजंत्री हिशेबाला उभे. बापाला कोण धरणार?

कालिदासाच्या शाकुंतलात चौथ्या अंकात कण्वमुनींचंही हेच होतं. रानात राहणारा तपस्वी, पोटची नव्हे तर सांभाळलेली मुलगी, तरी ती निघताना त्यांचा गळा दाटून येतो. आणि तेच कण्व ती दृष्टीआड झाल्यावर म्हणतात की मुलगी हे परक्याचंच धन, ठेव मालकाला परत केल्यासारखं मन हलकं झालं. आपण कण्वांचं रडणं विसरलो आणि ठेवीचं तेवढं लक्षात ठेवलं.

लेक म्हणजे एका वाफ्यातून उपटून दुसरीकडं लावलेलं रोप, असंही भाषणांत ऐकतो. माझा तर धंदाच रोपांचा आहे. एक डोळ्याचं रोप महिना-सव्वा महिन्याचं झालं की आपण शेतात लावतो. पण लावून घरी बसतो का? आठ-दहा दिवसांनी सरी सरी फिरतो, कुठं मर झाली, कुठं पाणी साचलं ते बघतो, नांग्या भरतो. लेकीच्या बाबतीत हे फिरणं कोण करतं? पंचमीला मुराळी म्हणून भाऊ जातो. काही घरांत तर नातवंडाचं तोंड पाहिल्याशिवाय बाप तिच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाही. मग बाप पहिल्यांदा जातो तो बारशाला, नाहीतर भांडण मिटवायच्या बैठकीला. तोवर उशीर झालेला असतो. लेकीचा फोन आला तरी आपलं ठरलेलं, "हं, बरी आहेस ना? आईला देतो." मीही हेच करतो, म्हणून हे लिहायचा अधिकार मला फारसा नाही.

माझ्या गटातले एक वयस्क सभासद मात्र महिन्या-दीड महिन्यानं, काही कारण नसताना, पिशवीभर शेंगा घेऊन लेकीच्या गावी जातात. अर्धा तास बसतात, जावयाशी खोडव्याच्या खताचं बोलतात, उठतात. भावकीतले हसतात. मी विचारलं, "तिच्याशी काय बोलता?" म्हणाले, "काही नाही साहेब. चहा देताना तिच्या हाताकडं बघतो."

आता जरा कडू बोलतो. पाठवणीला डोळे पुसणारं हेच घर काही वर्षांनी त्याच लेकीला हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावतं. हिंदू वारसा कायद्यात आपल्या राज्यात १९९४ साली आणि देशभर २००५ साली मुलीला मुलाइतका वाटा मिळाला. हा हक्क जन्मानंच असतो, २००५ साली बाप हयात असण्याची अट नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० च्या ऑगस्टमध्ये स्पष्ट केलं. कायदा असा, आणि रीत तशी. वडील गेल्यावर आम्हीही ताईला बोलावलं. साडीचोळी केली, जेवण झालं, गाडीत बसवून नेलं आणि सही घेतली. तिनं कागद वाचलासुद्धा नाही. परत येताना हसत हसत म्हणाली, "आता आले तर जेवायला वाढशील ना रे?" मीही हसलो. ते वाक्य अजून जात नाही. ज्या बापानं तिच्यासाठी रात्र बांधावर काढली, त्यानं तिचं नाव जितेपणी कुठल्याच कागदावर घातलं नव्हतं. घातलं असतं तर ती सही घ्यायची माझी हिंमत झाली नसती.

सगळ्यांनी जमिनी वाटून द्या, असं मी म्हणत नाही. एकर-दीड एकराचे तुकडे मी रोज बघतो. कुणी लेक आपखुशीनं भावासाठी सोडते, तेही खरं. पण तिला विचारायचं की नुसती सही घ्यायची, हे बापानं आपल्या हयातीत सांगून ठेवावं. आपल्या शेअरला वारस नेमायचा फॉर्म असतो. माझ्यासमोर भरलेल्या फॉर्मांत बायको किंवा मुलगाच असतो, मुलीचं नाव क्वचित.

तेव्हा या हंगामात लेकीच्या लग्नाच्या साखरेचा अर्ज घेऊन येणाऱ्या सभासदाला मी आधी खुर्ची देणार आहे. चहा होईल. तोडीची तारीख लागणीच्या नोंदीप्रमाणेच मिळेल, त्यात वशिला चालणार नाही. आणि वारस नेमणुकीचा फॉर्म त्याच टेबलाच्या वरच्या खणात ठेवला आहे.