जुना संगणक भंगारात काढण्याआधी

मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 ची नेहमीची साथ सोडली. तेव्हापासून मिरजेतल्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात लोक धडधाकट संगणक उचलून आणतात आणि विचारतात, ‘हा आता टाकायचा का?’ समोर असतो सातव्या पिढीचा आय-थ्री, चार जीबी रॅम. विंडोज 11 ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते, म्हणून हा नापास. बिघाड काहीच नाही. घरात त्यावर चालतं काय, तर मुलांचे व्हिडिओ, वीजबिल, बँक आणि सोसायटीची पत्रं. एवढ्यासाठी नवा संगणक गळ्यात मारणं मला पटत नाही, विक्रीत माझा फायदा असला तरी. मी सांगतो, लिनक्स मिंट टाका.

मिंटच का? लिनक्सचे प्रकार शेकड्याने आहेत आणि नवखा माणूस ते चाळत बसला की महिना तुलनेतच जातो. फेडोरा चांगली आहे, आर्च तर शिकण्याची हौस असलेल्यासाठी मेजवानी आहे. पण ज्याला उद्या सकाळी बिल भरायचं आहे त्याला खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेन्यू, फायरफॉक्स आणि लिबर ऑफिस आधीपासून हजर, असं घर हवं असतं. मिंट उबुंटूच्या पायावर उभी आहे, त्यामुळे अडलं तर उत्तर सापडतं. 22 ही तिची मालिका 2029 पर्यंत अपडेट घेत राहील. चार जीबी रॅम असेल तर तिचीच एक्सएफसीई आवृत्ती घ्या आणि जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा. खर्च करायचाच तर तिथे करा.

पण माझ्या शब्दावर जाऊ नका. मिंट पेनड्राइव्हवरून चालते, हार्ड डिस्कला हात न लावता. तासभर तशीच वापरून बघा. वायफाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंटर कागद काढतो का. एक जुना लेसर प्रिंटर आमच्या भागात घरोघरी दिसतो, तो लिनक्सवर फार छळतो. हे आधी कळलेलं बरं.

मराठीची चाचणी मात्र मी स्वतः समोर बसून घ्यायला लावतो. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट जोडायचा आणि ‘दुसऱ्या’ लिहायचं. शिफ्ट धरून जे, मग डी, मग य ची कळ, शेवटी काना. तो ‘ऱ्या’ नीट उमटला आणि परवा एका निवृत्त शिक्षिकाबाईंच्या चेहऱ्यावरची धास्ती गेली. त्यांची जुनी पत्रं मात्र बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये होती, ती उघडल्यावर अगम्य चिन्हं दिसली. आम्ही ती आधी युनिकोडमध्ये बदलून घेतली, पेनड्राइव्हवर प्रत काढली, मगच विंडोज पुसलं. हा क्रम कुणी मोडू नये.

घरात कुणी टॅलीवर हिशेब लिहीत असेल किंवा डिजिटल सहीचं टोकन लावून निविदा भरत असेल, तर त्यांनी विंडोजवरच राहावं. त्यांना मिंट देऊन अडचणीत टाकणारा लिनक्सप्रेमी त्यांचाही मित्र नाही आणि लिनक्सचाही नाही.

माझी खरी कळकळ पुढची आहे. नवख्याला लागतो तो शेजारी बसून दाखवणारा माणूस, आणि तो घरातला पोरगा किंवा पोरगी असू शकते. केरळमधल्या सरकारी आणि अनुदानित शाळांत मुलं मुक्त प्रणालीवर संगणक शिकतात; तिथली ‘काइट’ ही सरकारी संस्था उबुंटूवर बेतलेली प्रणाली शाळांसाठी तयार करून देते. आपल्याकडे काय कमी आहे? भारतीय भाषांसाठी ‘बॉस’ ही लिनक्स प्रणाली काढणाऱ्या सी-डॅकचं मुख्यालय पुण्यातच आहे. मग सांगली जिल्ह्यातली पोरं शाळेत हे शिकून घरी आजोबांना का दाखवू शकत नाहीत, याचं उत्तर शालेय शिक्षण विभागाने द्यायला हवं.