लाल ओळ वाचणार कोण?

आपल्या हॉस्टेलवर वेब ॲप बनवणारे ढिगानं आहेत आणि कन्सोल उघडून वाचणारे मात्र बोटावर मोजण्याइतके. एफ-ट्वेल्व्ह दाबलं की ब्राउझरमध्ये जी खिडकी उघडते, तिच्यात कन्सोल असतो, हे फर्स्ट इयरच्या मुलालाही ठाऊक असतं. पण तिथं लाल ओळ दिसली की आपण काय करतो? आधी खिडकी बंद. मग पान रिफ्रेश. तेवढ्यानं भागलं नाही तर शेजारच्या रूमचं दार वाजवायचं : "भावा, चालंना गेलंय, बघ की जरा." काय चालत नाही, कुठं अडलंय, ब्राउझर काय म्हणतोय असं विचारलं, की उत्तर ठरलेलं : "एरर येऊ लागलाय." अरे बाबा, पण कोणता?

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. लाल ओळ आपण वाचली नाही म्हणून ती नाहीशी होत नाही. ती पानासमोर बसलेल्या माणसाला भोगावी लागते, आणि त्याला कन्सोल माहीत नसतो. म्हणून लाल ओळ वाचणं हा हौसेचा भाग नाही, ते आपलं काम आहे.

थोडा इतिहास बघा. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्डच्या मार्क-टू या संगणकाच्या रिलेमध्ये एक पतंग अडकलेला सापडला. तिथल्या लोकांनी तो चिमट्यानं काढून फेकून दिला नाही. नोंदवहीच्या पानावर चिकटवला आणि बाजूला वेळेसह नोंद केली. 'बग' हा शब्द त्याच्याही आधीपासून वापरात होता, पण गोष्ट शब्दाची नाही, सवयीची आहे. बिघाड झाला की तो लिहून ठेवायचा, पुराव्यासकट. आपला कन्सोल म्हणजे तीच नोंदवही. फरक एवढाच, की ती आपोआप लिहिली जाते आणि आपण ती उघडतही नाही.

ही सोयही आयती मिळालेली नव्हती. इंटरनेट एक्स्प्लोररच्या जमान्यात पान बिघडलं की खालच्या कोपऱ्यात एक छोटा पिवळा त्रिकोण दिसायचा. मग ठिकठिकाणी 'अलर्ट' पेरून, एकेक खिडकी 'ओके' करत चूक शोधावी लागे. २००५ साली 'एजॅक्स' हे नाव रूढ झालं, पान पुन्हा न उघडता त्याचा एखादाच भाग बदलण्याची पद्धत फोफावली, आणि चुका शोधणं आणखी अवघड झालं. २००६ मध्ये जो हेविट यांनी फायरफॉक्ससाठी 'फायरबग' आणलं, तेव्हा कुठं डेव्हलपरच्या हातात खरी बॅटरी आली. २०१७ मध्ये फायरबगचं काम थांबलं, पण तोवर अशी साधनं प्रत्येक मोठ्या ब्राउझरमध्येच येऊन बसली होती. म्हणजे बॅटरी आपल्या खिशात आहे आणि आपण अंधारात चाचपडतोय!

आता मुद्द्याची गोष्ट. आमच्या विंगमधल्या ज्युनियर मुलांनी मिनी प्रोजेक्टसाठी कपिलधारच्या यात्रेचं वेब ॲप घेतलं होतं. मांजरसुंब्याजवळ, बालाघाटच्या डोंगरात मन्मथस्वामींची समाधी आहे, शेजारीच धबधबा आहे. कार्तिक पौर्णिमेला तिथं यात्रा भरते, लांबलांबून दिंड्या पायी येतात. पोरांची कल्पना चांगली होती. दिंडी निवडली की तिचा मुक्काम कुठं, पाण्याचा टँकर कुठं, जेवणाची सोय कुठं, अशी कार्डं समोर यावीत आणि प्रत्येक कार्डावर नकाशाचं बटन असावं. कल्पना छान, डिझाईनही छान. बटनं मात्र मेलेली.

पहिल्याच पानावर लाल ओळ होती : 'अनकॉट टाइपएरर : कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ नल'. पुढं कंसात 'रीडिंग ॲडइव्हेंटलिसनर', उजव्या टोकाला फाइलचं नाव आणि ओळीचा नंबर. या एका ओळीत चार उत्तरं आहेत. चूक कुठल्या जातीची, हातात काय आलं, आपण त्याच्याकडून काय मागत होतो, आणि हे कुठल्या फाइलच्या कितव्या ओळीवर घडलं. ओळीच्या डाव्या टोकाचा छोटा त्रिकोण दाबला तर कोणत्या फंक्शननं कोणाला बोलावलं त्याची साखळीही दिसते. पंचनामा तयार आहे, फक्त वाचायचा आहे.

'नल' म्हणजे काय ते कपिलधारच्याच भाषेत सांगतो. मे महिन्यात जाऊन धबधब्याखाली बादली लावली तर काय मिळेल? कोरडा खडक. बादली चांगली आहे, जागाही बरोबर आहे, पण वेळ चुकली आहे. पाणी यायच्या आधीच आपण हजर! पोरांची स्क्रिप्ट हेच करत होती. पानावर बटन तयार व्हायच्या आधीच ती बटन शोधायला गेली. बटन नाही म्हणून हाती नल आला, आणि नलाला 'क्लिक झालं की मला सांग' असं सांगता येत नाही. उपाय साधा : स्क्रिप्टच्या टॅगला 'डिफर' लावा, म्हणजे पान वाचून झाल्यावरच ती चालेल.

पण पोरांनी शोधलेला उपाय वेगळाच होता. सेट टाइमआउट, दोन हजार मिलिसेकंद! म्हणजे दोन सेकंद थांब आणि मग शोध. लॅबच्या मशिनवर ते चाललंही. हा उपाय आपल्या हॉस्टेलचा राष्ट्रीय उपाय आहे, म्हणून त्यावर जरा चिडूनच लिहितो. पाऊस कॅलेंडर बघून पडत नाही, हे बीड जिल्ह्यातल्या माणसाला आणखी कोणी सांगायला नको. नेटही तसंच. यात्रेत एका टॉवरवर हजारो फोन लोंबकळत असताना दोन सेकंदांचे बारा कधी होतील सांगता येत नाही. अंदाजानं थांबायचं नाही, घटना घडेपर्यंत थांबायचं. सर्व्हरचं उत्तर आलं की पुढं जायचं. त्यासाठी 'प्रॉमिस' आणि 'अवेट' आहेत. दुसऱ्याच कुणाचा कोड पानात भर घालत असेल तर त्यावर नजर ठेवायला 'म्युटेशन ऑब्झर्व्हर' आहे.

कार्डांवरच्या बटनांची गंमत आणखी वेगळी. तिथं कन्सोल चक्क स्वच्छ होता! कारण 'सगळी बटनं शोध' असं सांगितलं आणि एकही सापडलं नाही, तर हाती नल येत नाही, रिकामी यादी येते. रिकाम्या यादीवर लूप शून्य वेळा फिरतो आणि कोणी तक्रार करत नाही. कार्डं नंतर आली आणि बटनांकडं लक्ष ठेवणारं कोणीच नव्हतं. यात्रेत येणाऱ्या प्रत्येक माणसामागं एकेक स्वयंसेवक धावडवायचा नसतो. कमानीत एक उभा केला की पुरतो. जो येईल तो तिथूनच जाणार, मग तो पहाटे येवो नाहीतर मध्यरात्री. क्लिकही बटनापासून वर वर चढत बाहेरच्या डब्यापर्यंत जाते. ऐकणारा त्या डब्यावर बसवा, मग कार्डं कितीही आणि कधीही येऊ देत. याला इव्हेंट डेलिगेशन म्हणतात, आणि व्हायवाला हे नाव घोकलेलं असतंच. वापरलेलं मात्र नसतं.

यावरून दुसरी गोष्ट लक्षात घ्या. कन्सोल गप्प आहे म्हणजे सगळं बरोबर आहे, असं नाही. आपण मराठीत ॲप बनवणारे लोक आहोत, आपल्याला तर हा अनुभव जास्त. दिंडीतली माणसांची संख्या पोरांनी 'एमआर-आयएन' लावून देवनागरीत दाखवली, '१,२५०' अशी. दिसायला झकास. मग एकूण बेरीज करायला तेच आकडे पडद्यावरून परत वाचले. जावास्क्रिप्टला देवनागरी अंक आकडे म्हणून कळत नाहीत. बेरजेच्या जागी 'नॅन' झळकलं, म्हणजे 'हा आकडाच नाही'. लाल ओळ एकही नाही! दाखवायचा आकडा वेगळा आणि हिशोबाचा आकडा वेगळा ठेवायचा असतो, तो धडा इथं मिळाला.

तसाच 'यात्रेकऱ्यांसाठी' हा शब्द. त्यातला अर्धा 'ऱ्य' दोन वेगवेगळ्या पद्धतींनी टाइप होतो. डोळ्याला दोन्ही सारखेच, पण आत साठवलेले संकेत निराळे. एका कीबोर्डवरून नोंद केली आणि दुसऱ्यावरून शोधलं, की 'काही सापडलं नाही'. आणि तालुक्यांची यादी घ्या. कोणी आधी केज निवडलं आणि लगेच बदलून अंबाजोगाई केलं. केजचं उत्तर रेंगाळत मागून आलं, तर पडद्यावर तालुका अंबाजोगाई आणि गावं केजची! इथंही कन्सोल गप्प. अशा वेळी जुनी मागणी रद्द करावी लागते. आणि हे पकडायचं तर डेव्हलपर टूल्समधला नेटवर्कचा टॅब उघडून, नेट मुद्दाम हळू करून, कोणती मागणी कधी गेली आणि कधी परत आली ते बघावं लागतं. हॉस्टेलच्या वायफायला शिव्या देण्यापेक्षा त्याचा टेस्टिंगसाठी उपयोग करा!

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती सांगतो. सुट्टीत गावी गेलो होतो. गावातल्या एका मावशींना ऑनलाइन अर्ज भरायचा होता, म्हणून त्यांच्यासोबत तालुक्याला गेलो. कोणता अर्ज आणि कोणतं पान ते महत्त्वाचं नाही. जिल्हा निवडला, तालुका निवडला, गावाची यादी रिकामी. अर्ज भरून देणारा मुलगा म्हणाला, "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." मावशींची ती तिसरी खेप होती. आधीच्या दोन खेपांत दोन रोज बुडाले होते, एसटीचं भाडं वेगळं. आणि मावशी मला काय म्हणाल्या? "मी शिकलेली नाही ना बाबा, माझंच काहीतरी चुकत असंल."

मी त्या मुलाला विचारून कन्सोल उघडला. सर्व्हर डाऊन नव्हता. उत्तर व्यवस्थित आलं होतं, फक्त यादीच्या ऐवजी वेगळ्या आकारात आलं होतं. लाल ओळ होती : 'मॅप इज नॉट अ फंक्शन'. म्हणजे चूक काय, कुठल्या ओळीवर, सगळं तिथं लिहिलेलं होतं. तेही ज्यांना त्याचा काडीचाही उपयोग नाही, अशा माणसांसमोरच्या मशिनवर! ज्यानं ते वाचायला हवं होतं त्याच्यापर्यंत ती ओळ पोचलीच नव्हती, आणि ज्यांनी भोगलं त्या स्वतःलाच दोष देत होत्या.

मला हे फार लागलं. आपण 'युजर' म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढं कोण असतं? आपल्यासारखाच लॅपटॉपवाला. मावशी नसतात.

म्हणून दोन कामं आपलीच. पहिलं, चूक गिळायची नाही. 'ट्राय-कॅच' लिहून 'कॅच' रिकामा सोडणं म्हणजे आग लागल्यावर घंटेची वायर कापणं. पानावर कुठंही चूक झाली तरी ती टिपून आपल्या सर्व्हरकडं पाठवता येते, चार ओळींचं काम आहे. त्यात लोकांची खासगी माहिती मात्र जाऊ देऊ नका. दुसरं, चुकीचं भाषांतर पडद्यावर करायचं. 'गावांची यादी आली नाही. ही अडचण आमच्याकडची आहे, तुमची चूक नाही. पुन्हा प्रयत्न करा', आणि खाली एक बटन. एवढ्या तीन मराठी वाक्यांनी मावशींचा रोज वाचेलच असं नाही, पण त्या स्वतःला तरी दोष देणार नाहीत.

कोणी म्हणेल, आता कशाला वाचायचं, लाल ओळ उचलायची आणि चॅटबॉटला चिकटवायची. जरूर चिकटवा, मीही विचारतो. पण त्याला तुमचं पान कोणत्या क्रमानं तयार होतं ते दिसत नाही. 'नल असेल तर सोडून दे' अशी अट घालून तो लाल ओळ पुसून देईल आणि बटन मेलेलंच राहील. आधी आपण वाचायचं, अंदाज बांधायचा, मग विचारायचं. आणि हो, कन्सोलमधली प्रत्येक ओळ तातडीची नसते. पिवळ्या सूचना असतात, एक्स्टेंशनची बडबड असते. कोणती ओळ सोडायची हेही वाचल्याशिवाय कळत नाही.

सर आणि मॅडम यांनाही एक विनंती. प्रॅक्टिकलला आपण चालणाऱ्या प्रोग्रामचं आउटपुट बघता, म्हणून आम्ही चालल्यासारखं दाखवायला शिकतो. एकदा मुद्दाम बिघडवलेलं पान द्या, कन्सोल उघडा ठेवा आणि विचारा, "ही ओळ काय म्हणते?" दुरुस्ती नाही जमली तरी चालेल, नुसतं बरोबर वाचलं तरी मार्क द्या. जर्नलमध्येही एक पान चुकीसाठी असावं : काय दिसलं, काय वाटलं, शेवटी काय निघालं. १९४७ च्या त्या नोंदवहीसारखं.

असो. ज्युनियर मुलांनी त्यांच्या ॲपमधले ते दोन सेकंद काढून टाकले, ऐकणारा कमानीत बसवला आणि सबमिशन केलं. आता त्यांच्या रूमचं दार कोणी वाजवून "एरर येऊ लागलाय" म्हणालं, की आतून एकच आवाज येतो : "वाचून दाखव."